सगळे मोबाइलवर आहे, म्हणे!

आपल्या भागात गेल्या काही वर्षांत एक वाक्य फार स्वस्त झाले आहे. ‘आता सगळे मोबाइलवर आहे.’ वाचनालयाचे छप्पर गळते असे सांगायला जा, हे वाक्य तयार. मराठी पुस्तकांसाठी चार पैसे मागायला जा, हे वाक्य तयार. शाळेतल्या कपाटाची किल्ली हरवली आहे, दुसरी करून घ्या म्हणा, तरी हेच वाक्य, आणि त्याच्या मागोमाग, जरा कीव केल्यासारखे, “काहाले जीव आटवता गुरुजी? कोन वाचते आता पुस्तकं?”

हे वाक्य म्हणणारांचे दोन वर्ग आहेत. एक, जे खरोखरच मोबाइलवर वाचतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांच्याशी बोलताना मलाच चार नव्या गोष्टी कळतात. दुसरा वर्ग मोठा आहे. तो कागदावर वाचत नव्हता आणि पडद्यावरही वाचत नाही. पण वाचनालयाच्या खोलीचे काय करायचे हे बहुधा हाच वर्ग ठरवतो. वीस वर्षांपूर्वी याच मंडळींचे वाक्य ‘आता सगळे टीव्हीवर आहे’ असे होते. तेव्हा खोली वाचली, कारण टीव्हीवर पुस्तके असतात असा दावा कोणाला करता येत नव्हता. आता तो करता येतो. डिजिटल वाचनाने आपल्या वाचनालयांचे नुकसान केले असेल, तर ते एवढेच की न वाचणाऱ्यांना एक सभ्य सबब मिळाली.

ही सबब कशी चालते ते पाहा. आधी वर्तमानपत्रे बंद होतात. मग नवी खरेदी थांबते. मग ‘मुलांच्या स्पर्धा परीक्षेसाठी’ म्हणून कपाटे भिंतीकडे सरकवून टेबले मांडली जातात. या मुलांबद्दल मला एक अक्षर वावगे लिहायचे नाही. घरात एक खोली, तिच्यात पाच माणसे, आणि डोक्यावर पटवारी भरतीची तारीख. त्यांना पंखा आणि शांतता मिळालीच पाहिजे. पण ती मुले स्वतःची गाइडे घेऊन येतात आणि स्वतःची गाइडे घेऊन जातात. हल्ली आपल्याकडच्या गावांतून ‘लायब्ररी’ या शब्दाचा अर्थच महिन्याचे भाडे भरून मिळणारी खुर्ची असा झाला आहे. फलकावर लायब्ररी, आत वाय-फाय, थंड पाणी, कॅमेरा. आणि पुस्तक शोधून सापडत नाही. त्या धंद्यालाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती, सार्वजनिक वाचनालयाने त्याची नक्कल करून स्वतःला आधुनिक म्हणवून घेण्याला.

शेवटी पोती येतात. कोणती पुस्तके काढायची, तर जी ‘उठत नाहीत’ ती. देवघेवीच्या वहीवरून हे ठरते, म्हणजे वरवर पाहता अगदी न्यायाने. आता आपल्या दुभाषी जिल्ह्यात कोणती पुस्तके उठत नाहीत? मराठी. का उठत नाहीत? कारण कपाटात शेवटचे मराठी पुस्तक आले त्याला एक पिढी झाली. वीस वर्षे पाणी न दिलेल्या संत्र्याच्या झाडाला फळ येत नाही म्हणून ते तोडावे, असा हा न्याय. बागवान असा न्याय करणार नाही. आपल्या संस्थांची कार्यकारी मंडळे मात्र बिनविरोध करतात.

वाचकहो, ही गोष्ट पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या वाचकाला जेवढी लागते त्यापेक्षा आपल्याला जास्त लागते. त्याचे कारण तारखांत आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही आपल्या राज्याची राजधानी होती. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. त्याबरोबर सौंसर आणि पांढुर्णाही राहिले. या वाटणीचा वाद मला येथे उकरायचा नाही. ती झाली, आणि आपण हिंदीच्याही घरात सुखाने नांदलो. पण वाचनालयांच्या बाबतीत तिचा परिणाम असा झाला, की १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि तो सीमेवर येऊन थांबला. त्या कायद्यात वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आहेत, दर्जाप्रमाणे अनुदान आहे, तपासणी आहे, ग्रंथपालाच्या वेतनाचा थोडाफार तरी विचार आहे. अनुदान अपुरे आहे म्हणून तिकडचे ग्रंथपाल मोर्चे काढतात. काढोत बिचारे, त्यांचे बरोबरच आहे. पण नरखेडच्या वाचनालयाला जे अपुरे मिळू शकते, ते सीमेपलीकडच्या पांढुर्ण्याला मुळीच मिळू शकत नाही. सावनेरला जे आहे ते सौंसरला नाही. मध्यप्रदेशाने १९५६ नंतरच्या दशकांत तसा कायदा केला नाही. म्हणजे आपल्याकडची मराठी पुस्तके कोणत्याही सरकारच्या खात्यात कधी बसलीच नाहीत. ती आली गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांतून, बदलून आलेल्या गुरुजींच्या ट्रंकेतून, कोणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, आणि नागपूरला कापड घ्यायला गेलेल्या माणसाने सीताबर्डीवरून आणलेल्या पिशवीतून. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ साली बंद पडली. तिच्या बाकांखालून किती दिवाळी अंक सौंसरला उतरले असतील याची नोंद रेल्वेकडे नाही.

असे आलेले पुस्तक एकदा पोत्यात गेले, की त्याच्या जागी दुसरे येत नाही. नागपुरात एखादी प्रत रद्दीत गेली तर दुसरी दोन गल्ल्यांपलीकडे सापडते. आपल्याकडे ती बहुधा शेवटची असते.

आता दुसऱ्या बाजूचे बोलतो, आणि मनापासून बोलतो. कारण छापील पुस्तकाच्या वासावर लेख लिहिणारांची जी एक जात आहे, तिच्यात माझी गणना व्हावी असे मला वाटत नाही. जुन्या कागदाला वास येतो तो बहुतेक वेळा बुरशीचा. महायुद्धाच्या काळातला कागद हातात घेतला की पापडासारखा मोडतो. आपल्याकडचा पावसाळा आणि आपल्याकडची वाळवी या दोघींनी मिळून जेवढी मराठी पुस्तके खाल्ली, तेवढी कोणत्याही मोबाइलने खाल्लेली नाहीत.

आणि मोबाइलवर खरोखरच खूप आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो मराठी विश्वकोश आज घरबसल्या फुकट वाचता येतो. ते वीस खंड आपल्याकडच्या किती वाचनालयांनी पूर्ण घेतले असते? मोल्सवर्थचा १८५७ चा शब्दकोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संगणकावर शब्द घालून पाहता येतात. लोधीखेड्याच्या एखाद्या मास्तरला आजीच्या तोंडचा वऱ्हाडी शब्द तपासायचा असेल, तर त्याला नागपूरची बस धरावी लागत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपले शेकडो ग्रंथ विनामूल्य ठेवले आहेत. त्यातले कित्येक दुकानात कधी दिसतच नव्हते. रसेलने १९०७ साली काढलेले छिंदवाडा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर, ज्यात पांढुर्णा अजून सौंसर तहसिलीतले गाव आहे, तेही पडद्यावर मिळते. जो कायदा सीमेवर थांबला, त्याची सीमा या तारांनी कधीच ओलांडली. महाराष्ट्राच्या पैशाने झालेले काम मध्यप्रदेशातल्या मराठी पोराला एक अर्ज न करता मिळावे, हे १९५६ पासून पहिल्यांदा घडते आहे. याला विरोध करणारा माणूस मला तरी शहाणा वाटत नाही.

पण ‘खूप आहे’ आणि ‘सगळे आहे’ यांच्यात जे अंतर आहे, त्या अंतरातच आपले कपाट उभे आहे.

आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे पुस्तकावर हक्क राहतो. म्हणून हरिभाऊ आपटे, गडकरी, साने गुरुजी पडद्यावर मुक्त मिळतात. आज छापले जाणारे पुस्तक विकत मिळते, कारण प्रकाशकाला ते खपवायचे असते. मधल्याचे काय? तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. त्यांचे लेखन १ जानेवारी २०२९ रोजी हक्कमुक्त होईल. ‘धग’कार उद्धव शेळके १९९२ साली गेले, त्यांच्यासाठी २०५२ संपायची वाट पाहावी लागेल. जी. ए. कुलकर्णींसाठी २०४७, पु. लं.साठी २०६०. मोठ्या नावांची काळजी नको, त्यांच्या आवृत्त्या निघत राहतात. पण १९६० ते १९९० या काळात एकच आवृत्ती निघालेल्या, प्रकाशक बुडालेल्या, लेखकाचे वारस कोठे आहेत हे कोणालाच ठाऊक नसलेल्या पुस्तकांची केवढी तरी मोठी रास आहे. ती फुकट देता येत नाही आणि विकतही कोणी ठेवत नाही. ती आहे फक्त वाचनालयाच्या कपाटात. आणि आपली वाचनालये नेमकी याच काळात भरली होती.

त्याहून वाईट स्थिती आपल्या स्वतःच्या लेखनाची आहे. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पाडली. आपल्या भागातल्या लिहिणारांनीही तिचे अनुकरण यथाशक्ती केले. मराठी शाळांचे हस्तलिखित वार्षिक अंक, भजनी मंडळांच्या वह्या, खडी गंमतीच्या संहिता, तीन-चार वर्षे निघून बंद पडलेले अंक, कोणाच्या लग्नात वाटलेल्या मंगलाष्टकांच्या पुस्तिका. हसू नका. सातपुड्याच्या पायथ्याची मराठी शंभर वर्षांपूर्वी कशी होती याचा पुरावा शोधायला जे कोणी येईल, ते या वह्याच मागणार आहे. यातले ‘मोबाइलवर’ काय आहे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर पांढुर्णा हा शब्द घालून पाहा. जाम नदी, मध्ये पळसाचे झाड, त्यावरचा झेंडा, आणि दोन्ही काठांवरून भिरभिरणारे गोटे. वर्षाचे बाकीचे दिवस शोधले तर संत्र्याचा भाव आणि गेल्या वर्षीचे गोटे. जगाच्या या नव्या वाचनालयात आपली ओळख एवढी आहे. ज्या गावाने गोटमारीशिवाय दुसरे काही केले नाही त्याची तशी ओळख राहिली तर तक्रार नाही. पण आपण काही लिहिलेही होते, आणि ते पोत्यात आहे.

आता मला ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. महाराष्ट्रातले लोक डिजिटल वाचनाची चर्चा करताना हा मुद्दा कधी काढत नाहीत, कारण त्यांना तो बोचत नाही. मराठी आणि हिंदी यांची लिपी एक आहे. बेळगावात मराठी पुस्तक आणि कानडी पुस्तक शेजारी ठेवले तर निरक्षर माणूससुद्धा सांगेल की ही दोन वेगळी आहेत. आपल्याकडे तसे नाही. देवनागरी दिसली की सरकारी कारकून हिंदी लिहितो आणि यंत्रही तेच करते. केंद्राच्या मदतीने डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया नावाचा प्रकल्प या शतकाच्या सुरुवातीला झाला. लाखो जुन्या पुस्तकांची पाने त्यात टिपली गेली, हे थोरच काम. पण त्याच्या सूचीत मराठी पुस्तक शोधायला बसा. नाव रोमन लिपीत, तेही कसेबसे; भाषेच्या रकान्यात कधी हिंदी, कधी संस्कृत. म्हणजे पुस्तक तेथे आहे आणि नाहीही. छापील कपाटावर ‘मराठी’ अशी पाटी असते, तिच्यामागे पुस्तक असते, आणि पोराला ते हाताने काढता येते. सूचीच्या एका रकान्यात चूक झाली की हजार पुस्तके एका भाषेतून दुसऱ्या भाषेत बदलून जातात, आणि त्याचा आवाजही होत नाही.

घरातला मोबाइल पाहा. पोराने ‘पोळा’ लिहायला घेतले की कळफलक त्याला ‘पोला’ सुचवतो, कारण फोन घेताना भाषा विचारली तेव्हा दुकानदाराने परस्पर हिंदी दाबली होती. ‘ळ’ शोधायला दुसऱ्या पानावर जावे लागते. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य नीट उमटेल याची खात्री नाही. ‘ॲ’ हा वर्ण तर युनिकोडच्या संहितेत स्वतंत्रपणे आला तोच २००८ साली. या बारीक गोष्टी वाटतील. पण आजी ज्या सणाला पोळा म्हणते त्याला नातू पोला लिहू लागतो, आणि त्याचे वाचन मग ‘पोला’वरून पुढे जाते; ‘पोळा’कडे जाणारा रस्ता त्याला कोणी दाखवत नाही. या यंत्राचा मराठीवर राग नाही. ते जिथे गर्दी दिसते तिकडे माणसाला ढकलते, एवढेच. हिंदीची गर्दी मोठी. वाचनालयातल्या माणसाचे काम उलटे होते. तो म्हणायचा, “अबे, हे घे, हे आपल्याकडचं हाय.”

हिंदीशी वैर धरा असे मी सांगत नाही. प्रेमचंद मी याच भागात, हिंदीत वाचले, आणि मराठीइतकेच आपले मानले. दोन भाषांत वाचणारे पोर एका भाषेत वाचणाऱ्यापेक्षा श्रीमंतच असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपल्याकडेही पेढे वाटले गेले, आणि पेढे खाणारांत हिंदीभाषक शेजारीही होते. पण दोन भाषांचे वाचन टिकायचे तर दोन्हींची कपाटे हवीत, आणि पडद्यावरही दोन्हींची दारे वेगळी दिसायला हवीत.

भरवशाचेही थोडे बोलतो. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून विकलेले पुस्तक परस्पर काढून घेतले. आणि पुस्तक कोणते, तर ऑर्वेलचे ‘१९८४’. पैसे परत दिले म्हणे. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले आणि लोकांनी घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर हल्ला झाला, आणि एवढ्या अवाढव्य संस्थेची सूची कित्येक आठवडे बंद होती. पुस्तके जागच्या जागी, पण कोठे आहेत ते कळेना. आपली ती डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया तर सरकारी पैशाने उभी राहून काही वर्षांत मुकीच झाली. तिची पाने आज मिळतात ती इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतल्या संस्थेच्या जागेवर, कारण कोणा सज्जनांनी ती वेळीच उतरवून तेथे ठेवली. त्या संस्थेलाही २०२४ साली प्रकाशकांविरुद्धच्या अपिलात हार पत्करावी लागली आणि सुमारे पाच लाख पुस्तके उसनी देणे थांबवावे लागले. ज्या पुस्तकावर दोन कंपन्या आणि तीन न्यायालये यांची मर्जी लागते, त्याच्या भरवशावर सौंसरचे कपाट रिकामे करायचे काय?

शिवाय विकत घेतलेले डिजिटल पुस्तक शेजाऱ्याला देता येत नाही. किंडलवर मराठी डिसेंबर २०१६ मध्ये आली, चांगले झाले. मराठी पुस्तके ऐकायचीही सोय झाली, शेतात फवारणी करताना कादंबरी ऐकणारा एक तरुण मला माहीत आहे. पण त्याने ऐकलेली कादंबरी त्याच्या बहिणीला हवी असेल तर तिने निराळे पैसे भरावेत. सार्वजनिक वाचनालयाचा सगळा संसार एका गोष्टीवर उभा आहे: एकाने घ्यावे आणि शंभरांनी वाचावे. ती गोष्ट या नव्या व्यवस्थेत मोडते, आणि ती मोडली हे सांगायची कोणाला गरज वाटत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ मंजूर केली, विद्यापीठे आणि संशोधन संस्थांना शास्त्रीय नियतकालिके पडद्यावर वाचता यावीत म्हणून, तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये. म्हणजे सामायिक वाचनासाठी सरकार पैसे मोजू शकते. ती नियतकालिके बहुतेक इंग्रजी. मग भारतीय भाषांतल्या पुस्तकांसाठी तसे काही मागितले, तर ‘मोबाइलवर आहेच ना’ असे ऐकू येते!

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. फटाके वाजले, वाजायलाच हवे होते; जिल्ह्याच्या कामाला छिंदवाड्याचा घाट चढून जाणे संपले. जिल्हा म्हटला की कलेक्टर कचेरी आली, न्यायालय आले, आणि आज ना उद्या जिल्ह्याच्या ग्रंथालयाचा कागदही फिरेल. तो फिरेल तेव्हा त्यावर ‘ई-लायब्ररी’ असा शब्द असणार, याबद्दल मला शंका नाही. वीस संगणक, वीस खुर्च्या, फीत कापलेली, आणि पहिल्या पडद्यावर हिंदी आणि इंग्रजी अशी दोन बटणे. त्या दिवशी फुले घेऊन जाण्यापेक्षा तो कागद फिरत असतानाच आपण गेले पाहिजे. तिसरे बटण मागायला, आणि त्या बटणामागे पाच हजार पुस्तकांची मराठीत लिहिलेली सूची हवी हे सांगायला. खरेदीत मराठीचा वाटा लिहून घ्यायला. आणि सगळ्यात आधी, तेथे बसणारा माणूस दोन्ही भाषा वाचणारा हवा हे मागायला. वीसातले बारा संगणक झाले तरी चालेल, पण उरलेल्या पैशात तो माणूस हवा. चार्जरची वायर कोठे लावायची हे कोणीही सांगेल. ‘धग’ आवडली तर पुढे काय वाचावे हे सांगणारा नेमावा लागतो.

सरकारकडे बोट दाखवून आपण सुटत नाही, हेही येथे लिहायला हवे. आपली घरे मराठी. लग्नपत्रिका मराठी, आरती मराठी, भांडणे तर अस्सल मराठी. आणि वाचनालयाच्या वहीत सह्या कोणाच्या? चार निवृत्त मास्तरांच्या. लग्नातल्या डीजेला एका रात्रीत जे जाते तेवढ्यात मराठीचे एक कपाट भरते, हा हिशेब मी ऐकवला की मंडळी हसून दुसरा विषय काढतात. संत्र्याचे बरे वर्ष आले की मंदिराला कळस होतो. होऊ दे, मारुतीराया जामसावळीला निजून सगळे पाहतोच आहे. पण त्याच देणगीदाराने वाचनालयाच्या खोलीवर पत्रे टाकून दिल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. आणि मराठी ‘उठत नाही’ हे ज्या वहीवरून ठरते ती वही आपणच कोरी ठेवली आहे. या दिवाळीत प्रत्येक घराने दोन पुस्तके नावावर काढली तर त्या वहीचा जबाब बदलतो. न वाचता परत केली तरी चालेल, असे मी अगदी निर्लज्जपणे सांगतो.

आपल्या स्वतःच्या वह्या आणि अंक पडद्यावर नेण्याचे काम तर कोणाच्या परवानगीवाचून सुरू करता येते. ज्या मोबाइलवर ‘सगळे आहे’ त्याच मोबाइलने पाने टिपता येतात. वरून धरायला लोखंडी कांब वाकवून कोणताही लोहार स्टँड करून देतो. शंभर पानांचा अंक टिपायला तास-दीड तास पुरतो. खरी मेहनत पुढे आहे: अंकाचे नाव, वर्ष, गाव आणि ‘भाषा: मराठी’ एवढे चार शब्द देवनागरीत, युनिकोडमध्ये प्रत्येक फायलीला लिहिणे. १९९० नंतर संगणकावर जुळवलेल्या अंकांच्या फायली कोणी जपल्या असतील तर त्यांच्यावर विसंबू नका. त्या वेळचे टंक निराळे होते. आज त्या उघडल्या तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. छापील अंकावरूनच काम करावे लागेल. मग एक प्रत गावात, एक नागपूरच्या नातेवाइकाकडे, एक इंटरनेट आर्काइव्हवर. आणि टिपून झाले म्हणून कागद रद्दीत घालायचा नाही. ज्यांचे लेखन आहे ते किंवा त्यांची मुले बहुधा दोन-चार गल्ल्यांतच राहतात, त्यांना विचारून घ्यावे. नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची पोरे घरी असतात. त्यांना आधी जुन्या अंकांच्या पिना काढायला बसवा. त्या गंजून कागदाला चिकटलेल्या असतात, म्हणून चिमट्याने नाही, बोथट सुरीच्या पात्याने हळूहळू उचलाव्या लागतात.